पट्टी झाकणारे मुल्लामामा

आमच्या सांगलीच्या प्रयोगशाळेत कुणी निकालाचा फोटो नाचवत आणला, की मुल्लामामा आधी त्यावर पंजा ठेवायचे. नेमका निकालच झाकायचा आणि ज्या पेशींना औषध दिलेलं नाही, त्यांची पट्टी बघायची! “आधी साक्षीदार काय म्हंतोय बघू, मग आरोपी.” मला याचा भारी राग यायचा. मामा हुद्द्याने साधे सहायक, पलूसचे, आणि मी पीएचडी करणारी शहाणी.

कर्करोगाच्या पेशींवर वाढीचा निरोप घेणारी रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. निरोप आला की ती जागी होतात. जाग्या रिसेप्टरवर एक खूण उमटते आणि आमची अँटिबॉडी ती खूण बघूनच चिकटते, मग फोटोत काळी पट्टी दिसते. नव्या औषधाने रिसेप्टर झोपतं का, एवढाच माझा प्रश्न. मामींना हाच आजार होता. असलं औषध माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. तरी रोज डबा उघडण्याआधी विचारायचे, “झोपलं का गं ते?”

आणि एक दिवस झोपलं! औषधाच्या जागची पट्टी साफ गायब. मी कंदी पेढे आणायला निघालेच. मामांचे डोळे भरले होते, पण सवयीने पंजा पडलाच.

“पोरी, औषध न दिलेलं बी झोपलंय की गं. कागद कशात भिजवला व्हतास?”

पेशींतली प्रथिनं एका कागदावर उतरवून त्याचा फोटो काढतात; अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून त्याआधी तो कागद दुसऱ्या एका प्रथिनात भिजवतात. नेहमीचं प्रथिन संपलं होतं.

“दुधाच्या पावडरीत.”

“आगं, दुधातल्या प्रथिनावर बी तसलीच खूण असती. अँटिबॉडी तिकडंच खपली. दूध लय चांगलं, पर हितं न्हाई चालत.”

योग्य प्रथिन मागवून प्रयोग पुन्हा केला. दोन्ही पट्ट्या काळ्याकुट्ट. औषध कुचकामी.

मला रडू आलं. “मामा, सगळ्यात जास्त तुम्हालाच हवं होतं ना हे? मग बोललात कशाला?”

“तुज्या मामीगत किती जणी वाट बघत असतील. त्यास्नी खोटं कसं सांगू?”

उन्हाळ्यात मामी गेल्या. चौथ्या दिवशी मामा कामावर आले, हात धुतले आणि म्हणाले, “दुसरं औषध कवा लावायचं?”