भाजावळ आणि घरचं दूध

लेकीचा पहिला वाढदिवस झाला आणि त्याच आठवड्यात तिचा दुधाचा डबा बंद झाला. ठाण्याहून नणंदेचा फोन आला. परदेशात कुठेतरी दुधात डायॉक्सिन नावाचं विष सापडलं होतं आणि लहान मुलांच्या पावडरीतही ते येऊ शकतं, अशी बातमी तिने मला पाठवली होती. "वहिनी, तो डबा आधी बंद कर," ती म्हणाली. मी नुसता मथळा वाचला आणि डबा माळ्यावर टाकला. माझं अंगावरचं दूध लेकीला पुरत नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनीच तो सांगितला होता. आता वरचं दूध म्हणून घरच्या गाईचं सुरू केलं.

सगळ्यात जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. भाट्याच्या पुलापलीकडे आमचं घर, मागे हापूसची थोडी कलमं, पुढे भाताचा तुकडा आणि गोठ्यात एक गाय. "घरात गाय हाय नि पोरीला पावडर कशाला गो?" हे पालुपद मी वर्षभर ऐकलं होतं. वर्षाच्या आत गाईचं दूध नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, म्हणून मी तग धरला. आता आबा स्वतः धार काढायचे, स्वतः उकळायचे आणि नातीने वाटी संपवली की माझ्याकडे असे बघायचे, की मला हसूही यायचं आणि चीडही.

ते भाजावळीचे दिवस होते. पावसाआधी जिथे भाताची रोपं तयार करायची, तिथे पालापाचोळा, शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्यांची कवळं असं पसरून ते पेटवतात. तण मरतं आणि राख खताला होते. मी शहरात वाढलेली असले तरी या धुराच्या वासाची मला सवय झाली होती, तो मला आवडायचाही. पण गेली काही वर्षं भाजावळीत घरातला सगळा केरही जातो. कचऱ्याची गाडी डांबरी रस्त्यावरून परत फिरते, आमच्या पाणंदीत येत नाही. मग खताच्या पिशव्या, फाटकी जाळी, फुटके पाइप टाकायचे कुठे? एकदाची आग लागतेच आहे, त्यातच टाकून मोकळं व्हायचं. आजूबाजूचे सगळे तेच करतात. मीही कधी हरकत घेतली नव्हती.

त्या रविवारी लेक झोपली होती म्हणून मी पडवीत बसून ती बातमी शेवटपर्यंत वाचली. हे विष कुणी मुद्दाम बनवत नाही, असं त्यात होतं. प्लास्टिक जळलं की ते तयार होतं. धुराबरोबर उडून गवतावर बसतं, गाईच्या पोटात जातं आणि तिच्या दुधातल्या स्निग्धांशात उतरतं. उकळून जात नाही. मी मान वर केली तर समोर भाजावळीतून काळाकुट्ट धूर निघत होता आणि बांधावर आमची गाय पेंढा खात उभी होती.

मी अनवाणीच धावले. "आबा, काय जाळताय ते? तेच विष तुम्ही पोरीला वाटीतून पाजताय!" शेजारच्या बांधावरची माणसं थबकून बघायला लागली इतकी मी ओरडले. आगीत आंब्याच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या वितळत होत्या.

आबा काठी टेकून उभे राहिले. "काल तिनं हीच बाटली तोंडात घातलीन होती," ते म्हणाले. "आता चालायला लागली ती. म्हणून सगळ्या गोळा केल्या नि टाकल्या जाळून. घरात एक ठेवली नाय."

माझा राग गेला नाही. पण तो कुणावर काढायचा तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मी दुधाची बाटली घेऊन डेअरीच्या संकलन केंद्रावर गेले. तिथलं यंत्र फॅट सांगतं आणि पाणी घातलंय का ते सांगतं. "फॅट झकास आहे हो तुमच्या गाईचं," तिथला माणूस कौतुकाने म्हणाला. डायॉक्सिन कुठे तपासून मिळेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी आणखी दोन ठिकाणी विचारलं, तिथेही तेच.

तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गाईचं दूध सध्या थांबवा, जाळणं तर कायमचं थांबवा, आणि अंगावरचं मात्र मुळीच तोडू नका, असं त्या म्हणाल्या. मला एकच विचारायचं होतं. लग्न झाल्यापासून मी याच गाईचं दूध पीत होते. गरोदरपणात आबा रोज संध्याकाळी साय घातलेला पेला स्वतः माझ्या हातात देत. बाळंतपणातली अळिवाची खीर त्याच दुधातली.

"मग माझ्या दुधातून तिला काय जातंय?"

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "थोडं जात असणार. हे अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि आईच्या दुधातून उतरतं. किती, ते मी सांगू शकत नाही. तरी आईच्या दुधाचा फायदा त्याहून मोठा आहे. पाजत राहा."

घरी पोचले तेव्हा आबा पायरीवर बसले होते. सकाळचं दूध त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं, चरवी तशीच बाजूला होती. भाजावळीतून अर्धवट जळलेल्या बाटल्या वेचून त्यांनी गोणीत भरल्या होत्या. लेक माझ्याकडे झेपावली आणि ओढणी ओढायला लागली.

"काय म्हणाल्या बाई?"

"अंगावरचं पाजत राहा म्हणाल्या."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "ता बरा झाला," ते म्हणाले. "आईचा दूध तरी चोख हाय."

वाटभर मी त्यांना सुनावायचे शब्द जुळवत आले होते. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, लेकीला ओढणीखाली घेतलं, आणि ती डोळे मिटून पीत राहिली.