कारळ्याच्या काडाचा राब

पायाला भिंगरी म्हणतात ती मला त्या वर्षी लागली. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या अंगाला आमची वाडी. उतारावरच्या जमिनीत एका साली नाचणी, मग वरी, मग कारळे, नि मग जमीन पडीक. हा फेरा सासूच्या आधीपासूनचा. कारळ्यात तण माजत नाही, त्याच्या काडाचा रस दुसऱ्याला वाढू देत नाही, असं सासू सांगायची. म्हणूनच नाचणीचं रोप करायला फांद्या-पाला पसरून राब भाजायचा, त्यात ती कारळ्याचं काड घालू देत नसे.

आमचे घरधनी मुंबईला गिरणीत. शिमग्याला आले, राब भाजेपर्यंत राहिले. रजा संपत आलेली, ऐनाच्या झाडावर चढून फांद्या तोडायचा कंटाळा. खळ्याकडेचं कारळ्याचं काड उचललं नि पसरलं. सासू तेव्हा दासगावला लेकीकडे. आई रागावतील म्हटलं, तर तुला काय कळतंय म्हणाले. पेटवलं नि नेमका वळीव कोसळला. अर्धंमुर्धं जळलेलं काड तसंच मातीत ओढून साहेब मुंबईला गेले.

पावसाला पेरलं. रोप आलं ते पिवळं, बोटभर होऊन थांबलं. चुलीवरचं टाकून मी राबावर, पुन्हा घरी, पुन्हा राबावर. बघून का रोप वाढतं? पण पाय ऐकतील तर ना! कणगीत उरलेली नाचणी भाकरीपुरती. ती पेरावी तर आता खायचं काय, न पेरावी तर वर्षभर खायचं काय? सासू आली, राब पाहिला नि गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा मला असा संताप यायचा! शेवटी मीच कणगीत हात घातला.

"गोठ्यामागं पेर गो," सासू म्हणाली. "तिथं कारळ्याचं काय पडलेलं नाय."

ते रोप तरारलं. उशिरा का होईना, लावणी झाली. श्रावण आम्ही दोघींनी टाकळ्याच्या भाजीवर नि कंदांवर काढला. रात्री पोटात कावळे ओरडायचे.

गणपतीला हे आले. उतारावरची नाचणी बघून ओटीवर चार माणसांत सांगू लागले, आपला राब कसा साधला म्हणून. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सासू उठली, लेकाचं मनगट धरलं नि त्याला राबावर नेलं. मी मागून गेले. सगळा डोंगर हिरवा, आणि तेवढाच तुकडा भुंडा. गवताच्या चार काड्या, त्याही पिवळ्या.

"हा तुझा राब, बाबा. वरची नाचणी हिच्या तोंडच्या घासाची हाय."

हे मान खाली घालून उभे. किती दिवस मी जुळवून ठेवलेल्या शिव्या, एक तोंडातून निघेल तर शपथ. मला रडूच फुटलं.

मग त्यांनी विचारलं, पुढल्या साली या तुकड्यात काय पेरायचं? आईला नाही, मला विचारलं.

"काय नको," मी म्हटलं. "जमिनीला जरा बसू द्या. मलाही."