आत्यांचे हात परत आले

माझ्या सासूबाई, चांगुणाआत्या, तेरखेड्याच्या एका फटाका कारखान्यात बावीस वर्षं वाती कापत होत्या. बॉम्बची वात किती लांब हवी हे त्यांना पट्टी लावून बघावं लागत नसे. बोटांनाच ठाऊक असायचं. मालक महालिंगप्पा नव्या बायकांना त्यांच्याजवळ बसवायचे आणि म्हणायचे, "नुसतं बघा."

पाळी जाऊन वर्ष झालं तेव्हा आत्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्या सुमारास त्यांच्या अंगात काहीतरी पेटायला लागलं. छातीतून वाफ उठायची, मानेवर चढायची, ऐन थंडीतही झंपर भिजून जायचं. झोप तुटली. कालवणात मीठ दोनदा पडायला लागलं. मला हाक मारताना माझं नाव, प्रीती, एवढं दोन अक्षरी, पण त्यांना सापडायचं नाही.

शेजारच्या सिद्धम्मा म्हणाल्या, "गर्भाची पिशवी काढून टाक. म्या काढली." असं सांगताना त्या स्वतः पदरानं वारा घेत होत्या.

मी गावात आशाताई म्हणून काम करते. गरोदर बायांच्या तारखा मला तोंडपाठ. पण पाळी गेलेल्या बाईचं काय होतं, ते मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या मालाची घाई सुरू होती. एका दुपारी आत्यांनी ताटभर वाती कापल्या, बसवल्या, आणि मग सहज एक बॉम्ब उचलून बघितला. वात अर्धीच होती. दुसरा बघितला. तोही तसाच. पेटवणाऱ्याला मागं सरायला वेळच मिळाला नसता. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आत्यांनी स्वतःच महालिंगप्पांना बोलावलं.

"मालक, ह्यो सगळा माल मोडा. आन् मला उद्यापासनं बोलावू नका."

"चांगुणाबाई, एक डाव चुकलं म्हणून..."

"न्हाय. कुणाचं लेकरू पेटवंल ते. माझा माझ्या हातावर भरवसा ऱ्हायला न्हाय."

घरी येऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि आपल्या तळव्यांकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, "आत्या, उद्या आपण धाराशिवला जायचं."

डॉक्टर राजेश्वरींनी बराच वेळ प्रश्न विचारले. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? पायात, फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ? मग रक्तदाब, स्तनांची तपासणी, सोनोग्राफी. पुढच्या खेपेला सगळे कागद बघून त्या म्हणाल्या, "पिशवी काढायचं काहीच कारण नाही. या गोळीत दोन औषधं आहेत. पहिल्यानं ही आग कमी होईल. पण नुसतं तेच दिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं, आणि त्यात धोका असतो. म्हणून सोबत दुसरं. पाळी होती तोवर ही दोन्ही तुमच्या अंगातच तयार होत होती."

आत्यांनी गोळी तळव्यावर घेतली. ज्वारीच्या दाण्याएवढी. "एवढंसं?"

"औषध त्याहून कमी. बाकी गोळी धरून ठेवायचा मालमसाला."

"आन् एवढ्याशानं मी चालत व्हते? इतकी वर्सं?"

डॉक्टर हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "पाय सुजून दुखला, धाप लागली, छातीत दुखलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांनी पुन्हा या."

पहिल्या पंधरवड्यात काहीच झालं नाही. उलट स्तन ठणकायला लागले, अंगावरून थोडं रक्त गेलं. आत्या घाबरल्या. मी फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं. वाढलं किंवा थांबलं नाही तर दाखवा. ते थांबलं.

पाचव्या आठवड्यात आत्यांनी चुलीपुढं बसून सलग अकरा भाकरी थापल्या, आणि एकदाही उठून वाऱ्यासाठी दारात गेल्या नाहीत. शेवटची भाकरी तव्यावर टाकून त्यांनी मानेवरून हात फिरवला. कोरडी.

तीन महिन्यांनी त्यांनी साध्या दोऱ्याचे शंभर तुकडे कापले आणि माझ्या हातात पट्टी दिली. "मोज." मी शंभरही मोजले. एकही कमीजास्त नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या.

सिद्धम्मा गोळी मागायला आल्या तेव्हा आत्यांनी पाकीट आत ठेवलं. "माझी तुला चालंल असं न्हाय. चल, डॉक्टरकडं चल." सिद्धम्मांना पिशवी नसल्यानं एकच औषध लागलं. त्याचंही आत्यांना केवढं अप्रूप! "शरीर किती हिशेबी असतंय बघ," असं चार-चारदा म्हणाल्या.

सिद्धम्मांना नेलं त्या खेपेला डॉक्टरांपुढं त्यांनी अचानक विचारलं, "बाई, माझी आई पन्नाशीत भर थंडीत ओलं लुगडं अंगावर घेऊन वसरीत बसायची. लोक म्हणायचे, डोकं फिरलंय. आमी बी तसंच म्हणायचो. तिला ह्येच झालं असंल का?"

"असू शकेल," डॉक्टर म्हणाल्या. "आता नक्की सांगता येणार नाही."

परतीच्या एसटीत आत्या खिडकीशी बसल्या. येरमाळ्याजवळ हळूच म्हणाल्या, "औषध न्हाय, हाताशी मानूस न्हाय, कुणी इचारलं बी न्हाय. आन् तशात तिनं आमा सहा जणांना रांधून घातलं गं. कसं केलं असंल?"