तबकडीत न मावलेली तान

माझा भाऊ व्हाल्सिन न्यू ऑर्लिन्समध्ये सिगारच्या कारखान्यात दिवसभर तंबाखूची पानं वळायचा आणि रविवारी मिरवणुकांत क्लॅरिनेट वाजवायचा. त्याने रचलेली एक तान आमच्या ट्रेमे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होती. त्याचा मित्र ओमेर रोशाँ शेजारी उभा राहून ती ऐकत ऐकत शिकला. ओमेर शिकागोला निघाला तेव्हा त्याने व्हाल्सिनलाही चल म्हटलं होतं. तिथल्या थंडीत बोटं आखडतील, असं सांगून हा घरीच राहिला.

दोन वर्षांनी, १९२३ साली, ओमेरची ग्रामोफोनची तबकडी आली. मधोमध तीच तान. खिडक्याखिडक्यांतून ती ऐकू यायला लागली. आपल्या घरात ती तबकडी आणायची नाही, असं व्हाल्सिनने बजावलं. जेवताना कुणी ओमेरचं नाव काढलं की ताट सरकवून उठायचा. मी मात्र त्याला दोनदा न्हाव्याच्या दुकानाबाहेर पाहिलं. पाठ भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, आत तबकडी चालू.

स्वतःच्या आईच्या अंत्ययात्रेसाठी ओमेर गावी आला. दुसऱ्या दिवशी दुपारी नवा कोट घालून आमच्याकडे आला. मी कॉफी दिली.

"माझी तान विकून कोट शिवलास," व्हाल्सिन म्हणाला.

"तुझीच आहे, मी तिथेही तेच सांगतो. पण तबकडीवर तीनच मिनिटं मावतात, शेवट कापावा लागला. तू पूर्ण वाजव ना, किती दिवसांत ऐकली नाही."

व्हाल्सिनने क्लॅरिनेट उचललं. तान तबकडीत संपते तिथेच संपली. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच. चोरून ऐकून ऐकून त्याची स्वतःचीच तान पुसली गेली होती.

ओमेरने कप खाली ठेवला आणि उरलेला भाग गुणगुणून दाखवला. एकेक सूर बरोबर.

"कॉफी संपव आणि निघ," व्हाल्सिन म्हणाला.

मग आठवडाभर त्याने तेवढाच तुकडा घोटला. पुढे तीस वर्षं वस्तीतल्या मुलांना पूर्ण तान शिकवली, पण ओमेरचं नाव एकदाही घेतलं नाही. त्याने ती परत दिली एवढं तरी सांग, असं मी एकदा म्हटलं.

"त्याला आठवली आणि मला नाही," तो म्हणाला, "हे मी पोरांना सांगू?"

व्हाल्सिनच्या अंत्ययात्रेत त्याच्या शिष्यांनी ती पूर्ण वाजवली. बाकी जगात ओमेरचीच, शेवट कापलेली, चालते. खरं सांगायचं तर मलाही ती ऐकवत नाही.