ओझ्याला हात

"कुनी हात लावता का?"

आय स्टेजवर उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीत वाळूच्या पिशव्या. बावीस किलो. छातीवर पिनेनं टोचलेला कागद, त्यावर आकडा चार. समोर गुबगुबीत खुर्च्यांत पन्नासेक माणसं. प्राध्यापक, गोदामांच्या एका कंपनीचे पाहुणे, माझ्या वर्गातली मुलं. चालून दाखवायचं तिचं काम संपलं होतं. ओझं उतरवायला कुणीतरी येईल म्हणून ती थांबली होती. कुणी उठलं नाही. मागच्या रांगेत एक जण हसला, मग आणखी दोघं-तिघं हसले.

मी स्टेजच्या कडेला लॅपटॉपपाशी बसले होते. स्लाइड बदलायचं काम माझ्याकडे होतं. ही बाई माझी आई आहे, हे त्या सभागृहात तिच्याखेरीज दोघांनाच माहीत होतं. माझ्या गाइड सरांना आणि मला.

आम्ही ठाकर. घाटात ठाकुरवाडी नावाचा रेल्वेचा थांबा आहे, त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. गाडीरस्ता नाही. करवंदं, कंटोळी, शेवळं, काकडी, जे हाती लागेल ते डोक्यावर घेऊन बायका डोंगर उतरतात आणि कर्जतच्या बाजारात बसतात. त्यांच्यातल्या एकीची मुलगी खालापूरच्या बाजूला एका कॉलेजात प्रॉडक्शन इंजिनिअरिंगचं एम.टेक. करत होती. वाडीला केवढं कौतुक! मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

संशोधनाचा विषय सरांनीच सुचवला. डोंगरातल्या वाडीतून बाजारापर्यंत माल कमी वेळात कसा पोचेल. म्हणाले, "तुझ्याकडे तर घरचाच डेटा आहे." सगळे हसले. मीही हसले. पुढचे कितीतरी महिने मी स्टॉपवॉच घेऊन आयच्या आणि बाकीच्या बायकांच्या मागून डोंगर उतरत होते. त्या मागं न वळताच हाक मारायच्या, "आमची मास्तरीन आली का गं मागं?" आणि मला मोजता यावं म्हणून चाल धरून चालायच्या.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आमच्याकडे डोक्यावरचं ओझं कुणी एकटीनं उतरवत नाही. चढवताना दुसरीचा हात, उतरवताना दुसरीचा हात. वाटेवर एकटी असलीस तर वळणावर उभं राहायचं. खालून-वरून कुणीतरी येतंच. येणारी हात लावते, मग पुढे जाते. मानेचा मणका एका झटक्यात जातो, हे आमच्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी वहीत मी काय लिहिलं? चालणं, एक रकाना. विसावा, दुसरा रकाना. आणि वळणावर हाताची वाट बघत उभं राहणं, तो वेळ मी तिसऱ्या रकान्यात टाकला. त्या रकान्याचं नाव ‘वाया’. पुस्तकात तसंच होतं. थांबणं म्हणजे वाया. सरांनी तो तक्ता बघितला आणि पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. मी हवेत होते.

मग पाहुणे यायचं ठरलं. सर म्हणाले, "एका बाईला घेऊन ये. लाइव्ह डेमो करू. पण तुझी आई आहे असं सांगू नकोस. रिसर्चमध्ये नातं दिसलं की लोक शंका घेतात." मी मान डोलावली. आयला सांगितलं, तिथं मला ओळख दाखवू नको. ती म्हणाली, "बरं. पन लुगडं कोन्तं नेसू?"

ती सणाचं लुगडं नेसून आली. कमरेला स्वतःची चुंबळ खोचली होती, जुन्या कापडाची, डोक्यावर ठेवायची. सरांनी ती बाजूला ठेवायला लावली आणि लॅबमधलं रबराचं कडं दिलं. सगळ्यांना एकच माप पाहिजे म्हणे. पाटीतल्या पिशव्या बघून आय हळूच म्हणाली, "वाळू? ही कोन इकत घेनार?" दोन शिपायांनी पाटी चढवली. म्हणजे चढवताना हात होते. उतरवायचं कुणी ठरवलंच नव्हतं.

ती थांबली. सर बोलत होते, हातातलं घड्याळ चालू होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. समोरच्या रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. हाक मारली नाही. मीच सांगितलं होतं ना, ओळख दाखवू नको म्हणून. मी स्क्रीनकडे बघत राहिले. माझी खुर्ची आणि ती यांच्यात पाच पावलं होती.

शेवटी ती एकटीच गुडघ्यात वाकली. कडं सरकलं, पाटी कलली, मान एका बाजूला हिसकली. पिशव्या आदळल्या. एक फुटली आणि वाळू स्टेजभर झाली.

सर पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "नोट करा. अनलोडिंग फेल्युअर. मालाचं नुकसान इथे होतं." मग मला, "नेक्स्ट."

मी बटण दाबलं.

पडद्यावर माझा तक्ता आला. खाली आय बसून दोन्ही हातांनी वाळू गोळा करत होती आणि शिपायाला विचारत होती, "दादा, झाडू कुठं हाय?"

संध्याकाळी आम्ही डोंगर चढत होतो. ती मान धरून चालत होती. मी तिच्या मागून. तीच म्हणाली, "तुला सायबांनी उटू दिलं नसल. जाऊ दे गं."

मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

वळणावर माझी चुलती उभी होती. डोक्यावर लाकडाचा भारा. बांधावरच्या एका आंब्यावरून आमच्या दोन घरांत किती वर्षं बोलणं नाही. आयनं मानेवरचा हात काढला आणि दोन्ही हात वर करून भाऱ्याला लावले. भारा उतरला. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. आय पुढे चालू लागली, पुन्हा मान धरून. मी तिथेच दगडावर बसून रडले. आवाज करून रडले. चुलती बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये पेपरचा मसुदा दिला. त्यात आयचा फोटो होता, वाळू सांडतानाचा. खाली लिहिलं होतं, ‘सब्जेक्ट फोर’. निष्कर्षात ‘वाया’ रकाना बंद कसा करता येईल, ते लिहिलं होतं.

"हे काढा, सर."

"काय?"

"फोटो. आणि हा रकाना. मी चुकीचा भरला होता."

"ह्या भावना झाल्या. रिसर्च नाही."

"चार नंबर माझी आई आहे."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुला इतका डेटा मिळाला."

टेबलावर माझ्या वह्या होत्या. मी त्या उचलल्या. छातीशी धरल्या. म्हणाले, "बायकांनी मोजू दिलं ते मला. तुम्हाला नाही."

"डिग्री अडकेल तुझी."

"अडकू द्या."

अडकली आहे. दुसरा गाइड मिळालेला नाही. आयची मान डावीकडे वळत नाही. इतकी वर्षं काकड्या वाहिल्या, काही झालं नाही. एका दिवसाच्या वाळूनं मान गेली. ती वाळू तिच्या डोक्यावर माझ्यामुळे गेली, हे कुठल्याही मलमानं उतरायचं नाही.

मी प्रबंध पहिल्या पानापासून पुन्हा लिहिते आहे. तिसऱ्या रकान्याचं नाव आता ‘हात’. वळणावर कोण कितीदा थांबली, कुणी कुणाला हात लावला, सगळं नावानिशी. त्याच तक्त्यात शेवटची ओळ त्या सभागृहाची असेल. माणसं पन्नास, हात शून्य. त्या पन्नासांत माझंही नाव लिहिणार आहे. ते कुणी खोडा म्हटलं तरी मी खोडणार नाही.

कधीतरी तो प्रबंध मांडायला मी त्याच स्टेजवर उभी राहीन. आय पहिल्या रांगेत खुर्चीवर असेल, तिच्या डोक्यावर काही नसेल. पहिली स्लाइड लावायच्या आधी मी माइकवर बोलेन. ही माझी आई. हिनं हात मागितला तेव्हा मी उठले नव्हते.