आंबा, खुर्ची, टोपी

मानवी मेंदू ही या विश्वातली सर्वांत गुंतागुंतीची रचना आहे, असं मी दर वर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला सांगत असे. लोणावळ्यात त्या दिवसांत वर्गात छत्र्या निथळत असत, आणि मागच्या बाकांवर त्या रचनेचा फारसा पुरावा दिसत नसे. मानसशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. स्मृतीच्या प्रकरणात एक आकृती होती: तीन चौकोन आणि त्यांना जोडणारे बाण. असे चौकोन कोणाच्या डोक्यात अजून सापडलेले नाहीत, पण परीक्षेत त्यांना हमखास गुण असत.

निवृत्त झाल्यावर मनाविषयी मला कोणी काही विचारेल असं वाटलं नव्हतं. विचारलं ते माझ्या आतेभावानं.

आत्या वलवणला राहते. आतोबा गेल्यापासून एकटी. आतेभाऊ देहूरोडला डेपोत नोकरीला, तिथेच फ्लॅट. गेल्या वर्षी आत्याकडून गॅसवर भात करपला, मग पुन्हा करपला, आणि एकदा धरणाकडून चालत येताना ती स्वतःच्याच घरावरून पुढे निघून गेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ही सुरुवात आहे म्हणाले, आणि ती एकटी राहू शकते का ते घरच्यांनी बघा, असं सांगितलं. आतेभावाला तिला देहूरोडला न्यायचं होतं. चांगला मुलगा आहे. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली होती. आत्या एवढंच म्हणायची, “मी न्हाई येत.”

शेवटी त्यानं मला पंच केलं. “दादा, तू मनाचंच शिकवलंस ना? तू बघ आणि सांग. राहू शकते म्हणालास तर मी गप्प बसतो. नाही म्हणालास तर गाडी घेऊन येतो.” आत्यालाही हे मान्य होतं. मी तिच्या बाजूनं बोलणार याबद्दल तिला शंकाच नव्हती, आणि मला नेमकी त्याचीच धास्ती होती.

एका रविवारी गेलो. ओटीवर आत्या, आतेभाऊ, आणि शेजारच्या मावशी, मांडीवर तांदूळ पाखडायचं सूप घेऊन. मावशी आणि आत्या एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या. परीक्षा आहे म्हटल्यावर मावशींनी घरी बसणं शक्यच नव्हतं. मी जमेल तितका गंभीर चेहरा करून सांगितलं, “आत्या, तीन शब्द सांगतो. आंबा, खुर्ची, टोपी. थोड्या वेळानं विचारीन, तेव्हा परत सांगायचे.”

आत्यानं मान डोलावली आणि मावशींकडे वळली. “आंबा तुज्याकडं ऱ्हाऊ दे गं.” मग मुलाला म्हणाली, “तू खुर्ची. टोपी मी ठेवते.”

मी म्हणालो, तसं नाही, तिन्ही तुलाच लक्षात ठेवायचे आहेत.

“का?” ती म्हणाली. “मंग ही माणसं कशाला बसल्यात?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. पण प्रश्न कुठून आला ते मला माहीत होतं. आमच्याकडे भातलावणी सावडीनं होते. आज बाया हिच्या खाचरात, उद्या तिच्या. कोण कोणाकडे गेली आणि आता कोणाची पाळी, हे आत्याच्या टोळीत कोणी लिहून ठेवत नसे. तिथली रीत अशी, की आपलं आपण लक्षात ठेवायचं नाही. आत्याचं मावशींनी ठेवायचं, मावशींचं तिसरीनं. आपली आठवण आपल्याच बाजूला कलते, हे या बायांना माहीत होतं. आम्ही तेच वर्गात परिभाषेसकट शिकवत होतो. घरातही तसंच. नात्यागोत्यातली नावं आतोबांकडे, कोण कोणावर रुसलंय ते आत्याकडे, पौर्णिमा कधी आणि विहारात कोणाची खीर आहे ते मावशींकडे. आतोबा वारले तेव्हा भेटायला आलेले निम्मे पाहुणे आत्याला ओळखू येईनात. सगळे म्हणाले, धक्का बसलाय. धक्का तर होताच. पण ती नावं तिच्याकडे कधी नव्हतीच.

वार, महिना, उलटी मोजणी असं बरंच विचारून झाल्यावर मी शब्द विचारले. आत्या म्हणाली, “टोपी.” मावशी सुपातून डोकं वर न काढता म्हणाल्या, “आंबा.” आतेभाऊ मधे फोनवर बोलायला अंगणात गेला होता. तो जरा थांबून म्हणाला, “टेबल का?”

“ह्यालाच ऱ्हाऊ दे हितं,” आत्या म्हणाली. “मी ध्यान ठेवीन.”

मावशी लय हसल्या. आतेभाऊही हसला, पण माझ्याकडे बघत. निकाल अजून द्यायचा होता आणि त्याला तो खरा हवा होता.

म्हणून मी आत्याला आत स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं, आणि दुसरे तीन शब्द दिले. मग चहाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, आणि शब्द विचारले. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं दाराकडे बघितलं. एकही शब्द आला नाही. मी म्हटलं, असू दे. ती हळू आवाजात म्हणाली, “हितं कोणच न्हाई की रं.”

पुस्तकाप्रमाणे हे शून्य होतं, आणि ते शून्य खरं होतं. ते मी आतेभावापासून लपवलं नाही. अंगणात उभं राहून सगळं सांगितलं.

“म्हणजे बरी आहे का नाही?” त्यानं विचारलं.

“मावशींसकट बरी आहे,” मी म्हणालो.

मग मी बरंच बोललो. माणसाची बुद्धी कवटीच्या आत असते हा आपला समज आहे, अर्धी तर ओटीवर बसलेली असते, वगैरे. तुझ्या फ्लॅटवर तिची नीट काळजी घेतली जाईल, पण समोरच्या बंद दाराकडे ती काय ठेवायला देणार, असंही म्हणालो. जून महिन्यातला माझा आवाज परत आला होता. आतेभावानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो मावशींजवळ जाऊन बसला आणि त्यांच्याशी कामाचं बोलला: गॅस सकाळ-संध्याकाळ त्या सुरू करतील आणि बंदही त्याच करतील, गोळ्या त्यांच्याकडे, धरणाकडे जाणं दोघींनी मिळून. मावशी म्हणाल्या, तसंही आमी तेच करतो. रंगवलेल्या खोलीचं तो काही बोलला नाही. जाताना आईच्या पाया पडला, आणि पुढच्या रविवारी येतो म्हणाला. आता तो दर रविवारी येतो.

आत्या वलवणलाच आहे. भात करपत नाही. मागच्या महिन्यात मी गेलो तर तिनं हाताला धरून बसवलं, चहा केल्याशिवाय सोडत नाही म्हणाली, मुलांची चौकशी केली. फक्त मला हाक मारायची वेळ आली की ती थांबायची. मी विचारलं, तेव्हा तिनं न संकोचता सांगितलं, की माझं नाव तिनं मावशींकडे ठेवलंय. मावशी त्या दिवशी वराळ्याला लेकीकडे गेल्या होत्या. गॅसही बंदच होता, त्यामुळे चहा झाला नाही.