दिवाळीपर्यंतची दाढ

आमच्या लेकीचं गाव अमेरिकेत असलं तरी नकाशात शोधायला भिंग लागतं. एक शाळा, एक पेट्रोल पंप, एक मोठं दुकान. असल्या खेड्यात तरी स्वस्ताई असेल, असं मला वाटायचं. कसलं काय! कोथिंबिरीची जुडी घ्यायची तरी ती दहादा विचार करते. सुरुवातीला ती भाव सांगायची आणि मी बेळगावात, खासबागेतल्या घरी बसून डॉलरचे रुपये करून तोंडात बोटं घालायचे. पुढं तिनं भाव सांगणंच बंद केलं.

पण तिथं सगळ्यात महाग काय, तर दुखणं. म्हणून आमच्याकडची तिकडं गेलेली माणसं दुखणी साठवून ठेवतात. सुट्टीला आली की आधी दातांचा डॉक्टर, मग चष्मा, मग रक्ताची तपासणी, देवदर्शन त्यानंतर. जाताना बॅगेत कांदा-लसणाच्या चटणीखाली वर्षभराच्या गोळ्या. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. बोलताना ती चेहऱ्याची एकच बाजू दाखवत होती.

"तोंड फिरव बघू इकडं," मी म्हणाले.

फिरवलं. उजवा गाल टम्म सुजलेला, डोळा निम्मा मिटलेला.

"दाढ हाय गं आई. तू दिलेल्या गोळ्या चालू हायत. दिवाळीला येणारच हाय की, तवा आपल्या डॉक्टरांकडं दाखवते. हितं एका दाढंच्या खर्चात विमानाचं तिकीट निघतंय."

माझे यजमान शेजारून म्हणाले, "बरोबर हाय तिचं."

असा राग आला मला त्यांचा! माझ्या डोळ्यांसमोर येळ्ळूरचा माझा मामेभाऊ उभा राहिला होता. त्यानंही सुगी झाल्यावर बघू म्हणून दाढ अंगावर काढली. सूज गळ्यात उतरली आणि श्वास कोंडून तो गेला.

"दिवाळी-बिवाळी काय न्हाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा!" मी ओरडले.

"बघते गं," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती फोन उचलेना. तिकडं रात्र, जावई रात्रपाळीला, त्याचाही लागेना. मी भात लावला, तो करपला. शेजारणीनं दार वाजवलं तरी मी फोनकडंच धावले. यजमान गुपचूप देवापुढं जाऊन बसले.

दुपार कलताना तिचा फोन आला, दवाखान्यातूनच. आवाज जड, ओळखू न येणारा. सूज गळ्यापर्यंत आली होती. पू काढला, सलाईन लावलं. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

"गेलीस कशी गं?" मी विचारलं.

"अँब्युलन्सला लई पैसे पडतात आई. माझी मीच गाडी चालवत आले."

तिच्या घरापासून दवाखाना म्हणजे बेळगावहून कणकुंबी. तसाच तासाभराहून लांब, तसाच जंगलातला रस्ता. त्या अंधारात माझी पोर एकटी, गळा सुजलेला. वाटेत श्वास अडकला असता तर कुणाला कळलंही नसतं.

"तेवढा तरी खर्च वाचला बघ," ती म्हणाली.

आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "लई शहाणी गं माझी लेक."